चिमटीने चारचौघांत सांगितलं

तिला चिमटी हे नाव बियाणं केंद्रावर पडलं. केंद्र म्हणजे वस्तीबाहेर रस्त्यालगत ओळीने उभी असलेली जाळीची लांबलचक घरं. आत भोपळ्याचे वेल दोऱ्यांवर चढवलेले, पायाशी पाण्याच्या बारीक नळ्या, आणि दार लावलं की कोंदट ओला वास. तिथल्या बायका सांगायच्या, आम्ही फुलांची लग्नं लावतो. एका जातीच्या नरफुलाचा पराग दुसऱ्या जातीच्या मादीफुलावर हाताने लावायचा, म्हणजे दोन्हीकडचे गुण घेतलेलं बी तयार होतं. शाळा संपवून ती नुकतीच कामाला लागली होती. सगळ्यांत जुन्या बाईला सगळे मावशी म्हणत. तिने पोरीला आठवडाभर पाहिलं आणि जाहीर केलं, "हिच्या हातात चिमटा आणि तोंडातही चिमटाच. चिमटी आहे ही." खरं नाव हजेरीपुरतं उरलं.

काम वरून सोपं वाटायचं. संध्याकाळी वेलांमधून फिरायचं आणि उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या. मादीची कळी ओळखायला सोपी, तिच्या खाली बोराएवढा भोपळा आधीच लागलेला असतो. नराच्या खाली नुसता देठ. दोन्ही कळ्यांची तोंडं दोऱ्याने बांधून टाकायची, नाहीतर सकाळी मधमाशी आपल्याआधी येऊन भलताच पराग लावून जायची. सकाळी नरफूल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या, मधला पिवळा दांडा मादीफुलाच्या मधल्या चिकट टोकावर, म्हणजे कुक्षीवर, हलकेच फिरवायचा आणि फूल पुन्हा बांधून टाकायचं. पराग कुक्षीवर रुजतो, त्याची नळी खाली उतरते, पोटातल्या बीजांडापर्यंत पोचते, तेव्हा कुठे तो बोराएवढा भोपळा वाढायला लागतो. पोचली नाही तर पिवळा पडून गळतो.

एकदा एका ओळीतले असे कितीतरी भोपळे गळाले तेव्हा चिमटी वेलांवरच करवादली. मावशी म्हणाली, "वेलाला शिव्या देऊ नकोस. आधी पराग बघ. परवाच्या उन्हात नरफुलं उघड्यावर राहिली होती, करपलाय तो." चिमटीने नवा पराग आणला आणि पुढचे भोपळे धरले. तेवढंच झालं; तेव्हा त्यात तिला काही विशेष वाटलं नाही.

कळ्या बांधायच्या दोऱ्यापायीच तिचं लग्न झालं. केंद्राचा दोरा संपला की ती बाजारातल्या शिंप्याकडे जायची. उंचापुरा, कमी बोलणारा माणूस. मशीनवर वाकला की मान दुखेपर्यंत वर बघत नसे. तिने दर वेळी लालच दोरा मागितला तेव्हा त्याने विचारलं, "एवढा लाल दोरा कशाला लागतो हो तुम्हाला?" तिने सांगितलं, अगदी सविस्तर, नर, मादी, पराग, सगळं. शिंप्याचे कान लाल झाले. "गिऱ्हाइकं आहेत," तो हळूच म्हणाला. ती म्हणाली, "मग काय झालं, ती काय झाडाला लागून आली?" पुढच्या वेळी त्याने उरलेली सगळी लाल रिळं तिच्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. वर्षाच्या आत ती दुकानामागच्या दोन खोल्यांत सून म्हणून आली.

सासूबाई कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. नवरा लवकर गेल्यावर काजं-बटणं करून त्यांनी दोन मुलं वाढवली होती. सूनबाईचं तोंड त्यांना आवडत नसे, काम आवडे. पहिली दोन-तीन वर्षं तशी बरी गेली. मग नणंदेचं लग्न झालं, शेजारच्या सुनांच्या कडेवर मुलं दिसायला लागली आणि घरातली हवा बदलली. सासूबाई तिच्या ताटाकडे बघू लागल्या, झोपेकडे बघू लागल्या, महिन्याच्या त्या दिवसांची वाट बघू लागल्या. "उन्हात फुलांमागे फिरतेस, तिथेच सगळी उष्णता अंगात जाते," एकदा त्या म्हणाल्या.

मग दवाखाने सुरू झाले. रक्त काढलं, सोनोग्राफी झाली. नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहायला गर्भाशयात औषध सोडून फोटो घेतले, तेव्हा कळ अशी आली की तिने टेबलाची कड धरून दात आवळले. प्रत्येक वेळी सासूबाई बाहेरच्या बाकावर बसलेल्या असायच्या. शिंपी दुकानात असायचा.

शेवटच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चष्मा कपाळावर सरकवून बोलायच्या. त्यांनी सगळे कागद पाहिले आणि सासू-सुनेला समोर बसवलं. "यांचं स्त्रीबीज दर महिन्याला वेळेवर सुटतं. नळ्या मोकळ्या आहेत, गर्भाशय चांगलं आहे. पण नळीत स्त्रीबीज नुसतं थांबून काही होत नाही, त्याला भेटायला शुक्रजंतू यावे लागतात. तेव्हा आता यजमानांना पाठवा."

"त्याला कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "धडधाकट आहे तो. केवढा उंच आहे."

"उंचीचा याच्याशी संबंध नसतो, आजी."

सासूबाई तडक उठल्या. रस्त्यात म्हणाल्या, "या बाईला काही कळत नाही. दुसरीकडे जाऊ."

चिमटी फुटपाथवर थांबली. "आई, मी आता कुठेच येणार नाही."

"म्हणजे?"

"माझं बघायचं तेवढं बघून झालं. आता यांचं बघायचं राहिलंय. ते होईपर्यंत माझ्या अंगाला सुई लागणार नाही, आणि कुणा वैदूच्या पुड्याही मी खाणार नाही."

सासूबाईंना वाटलं, चार दिवसांचा रुसवा आहे. पण चिमटी बधली नाही. पुड्या दुधात मिसळून आल्या तर ती दूध ओतून द्यायची, तेही लपून नाही, मोरीपर्यंत सगळ्यांसमोर चालत जाऊन. सासूबाईंनी अबोला धरला. मोठे काका, म्हणजे शिंप्याचे चुलते, येऊन बसले आणि पुतण्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "दुसरी करायची झाली तर अजून वय गेलेलं नाही तुझं." शिंपी कापडावर खडूने रेघ मारत होता. त्याने रेघ पूर्ण केली. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

चिमटीला काकांपेक्षा ती रेघ जास्त लागली. दुपारी दुकानात कोणी नसताना ती त्याच्या मशीनसमोर स्टूल ओढून बसली.

"तुम्हाला भीती वाटते का?"

त्याने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, जमला नाही. "तिथे काय करायला लावतात ते माहीत आहे मला," तो म्हणाला.

"एका बंद खोलीत, एकट्याने. माझं झालं तेव्हा खोलीत चारजण होते आणि मला कळ सोसायची होती. मी तुम्हाला विचारलं नाही, कशाला जाऊ म्हणून."

शिंप्याने दोरा पुन्हा रिळावर गुंडाळला. मग म्हणाला, "आईला सांगू नकोस. जाऊन येऊ."

दोघं गेले. तपासणी एकदा झाली, खात्रीसाठी पुन्हा झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मोठेपणी कधी गालगुंड झाले होते?" मिसरूड फुटायच्या वयात झाले होते, गालासोबत खाली वृषणांवरही सूज आली होती, ताप उतरल्यावर सगळे विसरून गेले. "त्यातच झालं असणार," त्या म्हणाल्या. "तुमच्या वीर्यात शुक्रजंतू नाहीत. बाकी तुमच्या पुरुषपणात काही कमी नाही, ही वेगळी गोष्ट आहे. तुमची चूकही नाही." शिंपी मान हलवत राहिला, जणू गिऱ्हाईक माप सांगतंय.

परत येताना बसस्टॉपवर त्याने तिचं मनगट धरलं. "कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार," ती म्हणाली. "तुमची गोष्ट आहे, तुम्ही सांगाल तेव्हा सांगा. पण मला खोटं बोलायला लावू नका."

"नाही लावणार."

त्या वेळी त्याच्या मनात तसंच असेल. चिमटीने तरी कधी त्यावर शंका घेतली नाही.

पुढे नणंदेला मुलगा झाला आणि ती बाळाला घेऊन माहेरी आली. जेवायला जवळचे सगळे जमले. मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिवायला आलेले कपडे गोणीत भरून कोपऱ्यात रचले होते, त्यांवरही माणसं बसली होती. बाळ रडायला लागलं. नणंद जेवत होती, म्हणून चिमटीने हात पुढे केले. सासूबाईंनी मधेच बाळाला उचललं. "राहू दे. तुझ्याकडे नको."

आवाज मोठा नव्हता, पण खोलीने तो ऐकला. चिमटीचे हात तसेच राहिले. नणंद ताटात बघू लागली.

मोठ्या काकांना संधी मिळाली. ते पुतण्याला म्हणाले, "काय रे, तूही जाऊन आलास म्हणे दवाखान्यात. मला कळलंय. काय म्हणाले डॉक्टर?"

शिंप्याने घास खाली ठेवला. तिच्याकडे बघितलं नाही. "हिच्यातच काहीतरी आहे म्हणाले."

त्या क्षणी चिमटीला राग आला नाही, असं तिने पुढे मावशीला सांगितलं. कानात नुसतं भणभणलं, आणि मग सगळं फार स्पष्ट दिसायला लागलं. तिने हात खाली घेतले.

"डॉक्टर असं म्हणाले नाहीत," ती म्हणाली. "माझ्यात काही दोष नाही. स्त्रीबीज, नळ्या, गर्भाशय, सगळं तपासून झालंय. यांच्या वीर्यात शुक्रजंतू नाहीत. गालगुंड झाले होते तेव्हा ते गेले. यात यांचा काही गुन्हा नाही. पण माझाही नाही, आणि न केलेला गुन्हा मी अंगावर घेणार नाही."

कुणाच्या तरी हातातलं भांडं खाली आपटलं. काकू पुटपुटल्या, "चारचौघांत बाईमाणसाने असलं बोलायचं असतं का?"

"चारचौघांत मला वांझ ठरवता येतं," चिमटी म्हणाली, "मग हे का बोलायचं नाही?"

शिंपी हात न धुता उठला आणि दुकानाचं शटर अर्धवट वर करून बाहेर गेला. काकांनी जाता जाता सांगितलं की या घरचं पाणीही पिणार नाही. ते त्यांनी पाळलं.

दुसऱ्या दिवशी चिमटीचे वडील आले. पिशवी घेऊन आले होते, म्हणजे काय ठरवून आले होते ते दिसत होतं. "चल घरी," ते म्हणाले.

"बाबा, मी चोरी केलेली नाही. पळू कशाला?"

"इथे तुझ्याशी कोण बोलणार?"

"न बोलोत. मी बोलेन की."

ती राहिली. घरात चार भिंती आणि तीन अबोले. शिंपी दुकानातच झोपायचा. सासूबाई स्वतःपुरतं शिजवायच्या, चूल मात्र पुसून ठेवायच्या. चिमटी सकाळी केंद्रावर जायची, संध्याकाळी यायची, येताना नेहमीसारखी भाजी आणायची आणि ओट्यावर ठेवायची. मावशीने कळ्या बांधता बांधता विचारलं, "एवढं उघडं बोलायची गरज होती का गं?"

"होती," चिमटी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण बरं नाही वाटलं. त्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही."

"मग माफी माग."

"खरं बोलल्याची माफी मागायची?"

मावशीने पुढची कळी बांधायला घेतली.

बातमी बाजारात फिरायला वेळ लागला नाही. काही गिऱ्हाइकं उगाच जास्त गोड बोलू लागली. एका सुट्टीच्या दिवशी चिमटी पडद्यामागे कपडे घडी करत होती, तेव्हा दुकानात आलेला एक जाडजूड माणूस मोठ्याने म्हणाला, "काय मास्तर, लहान पोरांचे कपडे शिवायचं बंद केलं म्हणे तुम्ही. घरात गिऱ्हाईक यायची आशाच नाही." बाकावरची माणसं हसली.

मशीन थांबलं.

"बरोबर ऐकलंत," शिंपी म्हणाला. त्याने गळ्यातली मापाची टेप काढली. "मला शुक्रजंतू नाहीत. मूल होणार नाही माझ्यापासून. तुमची कंबर मात्र वाढलीय, पँट किती सैल करायची तेवढं सांगा."

आता कोणी हसलं नाही. जाडजूड माणसाने माप दिलं आणि निमूट गेला. दुकान रिकामं झाल्यावर शिंपी पडद्याच्या आत आला आणि कपड्यांच्या ढिगावर बसला.

"मी खोटं बोललो त्या दिवशी."

"हो."

"तू मला नंतर एकट्याला गाठून बोलायचं होतंस."

"तुम्ही एकट्यात खोटं बोलला असतात, तर मीही एकट्यात बोलले असते."

तो खाली बघत हसला, फार दिवसांनी. मग म्हणाला, "सांगून टाकल्यावर वाटतं, एवढंच तर होतं." ती त्याच्या शेजारी बसली आणि घड्या घालत राहिली. माफी दोघांपैकी कोणीच मागितली नाही.

डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा गेले तेव्हा त्यांनी समजावलं, की दात्याचे शुक्रजंतू घेऊन गर्भधारणा होऊ शकते. "बहुतेक जोडपी हे कुणाला कळू देत नाहीत," त्या म्हणाल्या. "मुलालाही नाही."

"आम्ही सांगणार," चिमटी म्हणाली. "सांगायचं नसेल तर मला नको."

घरी शिंप्याने तिला विचारलं, "तुमच्या केंद्रात दुसऱ्या जातीचा पराग आणता, मग तो भोपळा कुणाचा म्हणायचा?"

"माणसाचं भोपळ्यासारखं नसतं," ती म्हणाली. "भोपळा मोठा होऊन विचारत नाही, माझा बाप कोण. हे विचारेल. तेव्हा तुम्हाला त्याच्यासमोर ताठ बसता येणार असेल तर करू. नाहीतर आपण दोघं आहोत तेवढे पुरे. कुणाचं तोंड बंद करण्यासाठी मी मूल जन्माला घालणार नाही."

शिंप्याने विचार करायला बरेच महिने घेतले. तिने घाई केली नाही. एक दिवस त्याने लहानसं झबलं शिवलं, तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "माप अंदाजाने घेतलंय."

पहिल्यांदा राहिलं नाही. दुसऱ्यांदाही नाही, आणि त्या वेळी ती मोरीत बसून रडली. नंतर राहिलं. सासूबाईंना तिने स्वतः सांगितलं, काही न लपवता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी त्या पोराला हात लावणार नाही."

"नका लावू," चिमटी म्हणाली. "पण बाळाच्या देखत वाईट बोलायचं नाही. तेवढं मी चालवून घेणार नाही."

मुलगी झाली. पोटात दुखून सतत रडायची. चिमटीने तिला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारल्या, शिंप्याने मारल्या, तरी थांबेना. शेवटी एका दुपारी सासूबाई वैतागून उठल्या. "असं धरतात का मूल? दे इकडे." त्यांनी तिला पालथं घालून पाठ चोळली आणि मूल गप्प झालं. त्यानंतर कोणी हात लावण्याबद्दल बोललं नाही.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. नणंद वर्षातून एकदा येते आणि बाहेरूनच निघते. शिंप्याला अजूनही कधीकधी मुलीकडे बघता बघता गप्प व्हायला होतं. चिमटी त्याला तसं असू देते. मावशी घरी बसल्यावर केंद्रावरच्या नव्या मुलींना शिकवायचं काम चिमटीकडे आलं. नर, मादी, गर्भ हे शब्द आले की मुली ओढणीत तोंड घालून हसतात. चिमटी त्यांना ते शब्द मोठ्याने म्हणायला लावते, हसू ओसरेपर्यंत, आणि मग कामाला लावते. माणसांचं कसं होतं हेही विचारलं तर सांगते. एका मुलीच्या घरून त्यावर तक्रार आली, तेव्हा ती त्या घरी जाऊन दोघा आईबापांनाही सांगून आली.

आपल्या मुलीला तिने समजेल तसं थोडं थोडं सांगितलं होतं. एके दुपारी मुलगी दुकानाच्या पायरीवर चिंध्यांची बाहुली करत बसली होती. सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. समोरची शेजारीण थांबली, मुलीची हनुवटी धरून म्हणाली, "कुणावर गेलीय गं ही? नाक काही तुमच्या घरातलं नाही." आणि हसून सासूबाईंकडे बघितलं.

मुलगी म्हणाली, "मी आईच्या बीजापासून झाले आणि एका काकांच्या शुक्रजंतपासून. ते काका कोण ते आम्हाला माहीत नाही. माझे बाबा आत आहेत, ते आता फ्रॉकला लेस लावतायत."

शेजारणीचा हात खाली आला. सासूबाईंनी भाजीतली काडी मोडून बाजूला टाकली.

"पोर खरं सांगतेय," त्या म्हणाल्या. "आणखी काही विचारायचंय?"

शेजारणीला काही विचारायचं नव्हतं. चिमटी केंद्रावरून आली तेव्हा शिंप्याने तिला दारातच सगळं सांगितलं. ती आत गेली. सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या.

"आई, चहा ठेवू?"

"ठेव," सासूबाई म्हणाल्या. "आणि पोरीला शब्द नीट शिकव. शुक्रजंत म्हणते ती. लोकांपुढे बोलायचंच आहे तर नीट बोलावं."